तुमचे प्रश्न : मागून येणाऱ्याने आधी सांगायचं

मागच्या अंकात विचारलं होतं की सकाळ-संध्याकाळ चालताना, पळताना, सायकल चालवताना तुमचं रस्त्यावर कुणाशी काय होतं ते लिहून पाठवा. भरपूर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर अजूनच. चालणारे सायकलवाल्यांवर चिडलेत, सायकलवाले चालणाऱ्यांवर आणि पळणारे दोघांवर. मी स्वतः आठवड्यातून तीन दिवस पळते, बाजारहाट सायकलवर करते आणि संध्याकाळी आईचा हात धरून तिला फुटपाथवरून फिरवून आणते, त्यामुळे तिन्ही बाजूंचा राग मला ओळखीचा आहे. नावं काढून टाकलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : मी रोज सायकलने ऑफिसला जातो. आमच्याकडे फुटपाथला लागून सायकल ट्रॅक केलाय पण त्यावर सायकली कमी आणि चालणारे जास्त. बेल वाजवली की काका लोक भडकतात, "घंटी काय वाजवतोस, दिसत नाही का" म्हणतात, आणि नाही वाजवली तर दचकतात आणि मग परत भडकतातच. मी नक्की करायचं काय? (वय ३४, पुणे)

उत्तर : बेल वाजवायचीच, पण तुम्ही ती किती अंतरावरून वाजवता ते मला सांगा. बहुतेक जण अगदी पाठीशी आल्यावर वाजवतात, तीन-चार मीटरवर, आणि तेव्हा ती सूचना राहत नाही, ओरडणं होतं. ट्रॅकवर तुम्ही ताशी १५ किलोमीटरने येताय आणि पुढचे काका ५ ने चालतायत असं धरलं तर वीस मीटर मागून वाजवलेल्या बेलनंतर त्यांना सातेक सेकंद मिळतात. ऐकायचं, समजायचं, बाजूला व्हायचं की आहे तिथेच चालत राहायचं ते ठरवायचं, एवढं सगळं सात सेकंदात आरामात होतं. तीन मीटरवरून वाजवली तर एक सेकंद.

दुसरं म्हणजे कान. वय झालं की ऐकू येणं कमी होतं ते आधी बारीक, उंच आवाजांचं कमी होतं, जाड आवाज बरीच वर्षं नीट ऐकू येतात. म्हणजे सायकलची ती बारीक 'टिंग' नेमकी त्याच माणसांना नीट ऐकू जात नाही ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे. माझ्या आईला सायकलची बेल ऐकूच येत नाही पण "काकू" अशी हाक येते. म्हणून दुरून एकदा बेल, थोडं जवळ आल्यावर तोंडाने हाक, आणि तोवर वेग उतरवलेला.

आता हाक काय मारायची, हे फार महत्त्वाचं आहे. "साइड!" म्हणू नका, ते ऐकून माणूस कुठल्याही बाजूला उडी मारतो. "लेफ्ट!", "राइट!" तर नाहीच नाही, आणि "उजवीकडे!" एवढंच ओरडलात तर समोरचा उजवीकडे सरकतो, म्हणजे बरोब्बर तुमच्या चाकाखाली. पूर्ण वाक्य बोला, आपल्या मराठीत क्रियापदातच सगळं येतं : "काका, उजवीकडून जातोय." जातोय म्हटलं की जाणारा तुम्ही आहात हे कळतं, त्यांनी काही करायचं नाहीये हेही कळतं. आणि "हळू जातोय" म्हणालात तर अजून छान, कारण मागे बघायला त्यांची मान वळत नसेल तर ते अख्खं अंग वळवतात आणि अंग वळलं की पायही सरळ रेषेतून बाहेर येतात, ते "हळू" ऐकलं की वळत नाहीत.

ट्रॅक तुमच्यासाठी आहे हे खरं. पण लोक त्यावर का चालतात ते एकदा बघा. रस्त्यांच्या बांधणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं जे मार्गदर्शक आहे त्यात फुटपाथची चालायची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा सांगितली आहे, म्हणजे दोन माणसं एकमेकांना न घासता जातील इतकी. आपल्याकडे त्या रुंदीत डीपीचा बॉक्स असतो, झाडाचं आळं असतं, दुकानाची पाटी असते, लावलेल्या गाड्या असतात, आणि दर वीस पावलांवर सोसायटीच्या गेटचा उतार, चढा-उतरा चढा-उतरा. गुडघे दुखणारी बाई सपाट ट्रॅक दिसला की त्यावरच जाणार. तिचा तुमच्यावर राग नाहीये, तिला दुसरी वाट नाहीये. त्यामुळे ट्रॅक मोकळा मिळेल तिथे चालवा जोरात, माणसं दिसली की त्यांच्या वेगाने या, आणि अगदीच गर्दी असेल तर उतरून चार पावलं चाला.

प्रश्न : माझं वय ७१. रोज सकाळी शिवाजी पार्कला कट्ट्याच्या बाहेरून दोन फेऱ्या मारतो. थंडी सुरू झाली की रनिंग ग्रुपवाले येतात, आठ-दहा जण घोळक्याने, धापा टाकत अगदी खांद्याला घासून जातात, एकाचा घाम माझ्या हातावर उडाला. बोललो तर "अंकल, कडेने चाला ना" असं उत्तर. मी कडेनेच चालत होतो. (दादर)

उत्तर : मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सगळ्यांची लांब पल्ल्याची तयारी चालू होते आणि गर्दी वाढते, हे मलाही माहितीय कारण मीही त्या गर्दीत असते. पण त्याने घासून जाणं बरोबर ठरत नाही. हे वाचणाऱ्या रनर्सना मी सरळच सांगते. माणूस दिसला की एका मागे एक व्हा. पुढे जाताना हात पूर्ण लांब केला तरी लागणार नाही इतकं अंतर सोडा, तेवढं अंतर नसेल तर चार पावलं चालत जा, घड्याळातल्या त्या दहा सेकंदांनी कुणाचीही मॅरेथॉन बिघडलेली नाही. चालणारा माणूस आणि कट्टा यांच्या मधल्या फटीतून कधीच घुसू नका, कारण दचकल्यावर माणूस आधाराकडे म्हणजे कट्ट्याकडेच सरकतो. थुंकायचं, नाक शिंकरायचं असेल तर थांबून, बाजूला, मागे बघून. घोळक्यात सगळ्यात पुढे जो आहे त्यानेच हाक मारायची आणि किती जण आहेत ते सांगायचं, "काका, उजवीकडून आठ जण येतोय". हे फार उपयोगी पडतं कारण पहिला गेला की चालणाऱ्याला वाटतं संपलं आणि तो मोकळेपणाने सरकतो तेवढ्यात दुसरा येऊन आदळतो. माझ्या आईचं असंच झालं होतं. पहिल्या सायकलवाल्याने बेल दिली, ती थांबली, तो गेला, तिने पाऊल टाकलं आणि त्याच्या मित्राने तिला धडक दिली. मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं आणि त्यानंतर सहा-सात महिने ती एकटी बाहेर पडली नाही. हाड जुळलं, पण भीती जायला वेळ लागला, अजून पूर्ण गेलेली नाही.

तुम्हालाही एक विचारते काका, राग मानू नका. तुम्ही एकटे चालता तेव्हा कडेने चालता, मित्र भेटले की? चौघं शेजारी शेजारी, मधेच एकाला काहीतरी आठवतं आणि तो उभा राहतो, सगळे त्याच्याभोवती गोल. असं असेल तर मागच्याला खरंच वाट नसते. दोघं-दोघं चाला, थांबायचं असेल तर आधी कडेला व्हा मग थांबा, आणि फेरी पूर्ण झाली की जागच्या जागी गर्रकन वळू नका, आधी मागे नजर टाका. हळू चालण्याबद्दल तुम्ही कुणाचं काहीच देणं लागत नाही, पण चाल सरळ ठेवणं, पुढच्या पावलाचा मागच्याला अंदाज येईल अशी ठेवणं, एवढं करा.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला मी फुटपाथवरच सायकल चालवू देते. शेजारच्या आजोबांनी परवा तिला रागावलं. चूक कुणाची? (नाशिक)

उत्तर : तुमची नाही. आपल्या रस्त्यांवर नऊ वर्षांच्या मुलीला गाड्यांमधे कोण सोडेल? जर्मनीत तर आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुटपाथवरच सायकल चालवायची असा नियम आहे (रस्त्यापासून वेगळा सायकल ट्रॅक असेल तर तिथेही चालते) आणि दहा वर्षांपर्यंत फुटपाथची मुभा आहे. पण तिला तीन गोष्टी आत्ताच शिकवा, म्हातारं माणूस किंवा लहान बाळ दिसलं की पाय टेकवायचा, गेटसमोर हळू व्हायचं कारण आतून गाडी येऊ शकते, आणि पुढे जाताना "आजोबा, मी जाऊ का?" विचारायचं. नऊ वर्षांच्या मुलीने असं विचारल्यावर ते आजोबा तिला वाट तर देतीलच, वर नावही विचारतील.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात फुटपाथ नाहीच. पहाटे हायवेला लागून चालायला जातो. डाव्या बाजूने चालायचं की उजव्या? घरात दोन मतं आहेत. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : उजव्या. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चाललात की जवळची गाडी समोरून येते, तुम्हाला दिसते, आणि वेळ आली तर खाली उतरता येतं. डावीकडून चाललात की ती पाठीमागून येते आणि तुमचा जीव पूर्णपणे तिच्या ड्रायव्हरच्या हातात. पळणाऱ्यांनीही उजवीकडूनच. फक्त उजवीकडे आंधळं वळण असेल, कडेला भिंत किंवा दरड असेल तर तेवढ्यापुरतं दुसऱ्या बाजूला जा, मोकळं आलं की परत या.

सायकलने मात्र डावीकडूनच जायचं, कारण ते वाहन आहे. पुष्कळ जण "समोरचं दिसतं" म्हणून सायकलही उलट बाजूने घालतात, ते चुकीचं आहे, चालणारा चटकन खाली उतरू शकतो, सायकलला ते जमत नाही, आणि वर तुम्ही उजव्या कडेने चालणाऱ्यांच्या तोंडासमोर येता. पहाटे अंधारात जाणार असाल तर पांढरा, पिवळा असा फिका शर्ट आणि हातात टॉर्च, आणि पायात किंवा पाठीवर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी. तुमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला पायी दिंड्या जातात, त्यात मागून गाडी घुसल्याच्या बातम्या वाचल्या की जीव तुटतो. दिंडीच्या सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या हातात लाल दिवा असायलाच हवा, आणि तो टाळकरी दमला की दिवा दुसऱ्याकडे गेला पाहिजे, बॅगेत नाही.

प्रश्न : मुलाकडे नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला, तीन महिने राहून आले. दुसऱ्याच दिवशी नातीला बाबागाडीत घालून फिरायला निघाले, छान गुळगुळीत लाल रस्ता होता, मला वाटलं चालायचाच. एक मुलगी केवढ्यांदा बेल वाजवत काहीतरी ओरडत गेली. इतकं अपमान झाल्यासारखं वाटलं की आठवडाभर बाहेर पडले नाही. (सांगली)

उत्तर : ताई, तो लाल रस्ता म्हणजे तिथला सायकलचा रस्ता. गोल निळी पाटी आणि त्यात पांढरी सायकल असते. तिथे ती फक्त फिरायची वाट नाही, लोक त्यावरून ऑफिसला, शाळेला, रात्रपाळीला जातात, आपल्याकडे मेन रोडच्या मधोमध बाबागाडी घेऊन चालावं तसं त्या मुलीला ते वाटलं असणार. बेलचं वाईट वाटून घेऊ नका, तिकडे बेल म्हणजे "मी आले" एवढंच. तिने ओरडायला नको होतं हे मात्र मीही म्हणेन, नवीन माणूस आहे हे दिसतं की.

पुढच्या वेळी जाल तेव्हा करड्या फरशीची किंवा विटांची वाट दिसली की ती चालायची. जिथे अशी वाट नाहीच तिथे सायकल ट्रॅकवरून चालायला तिथल्या नियमाने परवानगी आहे, तेव्हा कडेने, एका मागे एक. ट्रॅक ओलांडताना जास्त जपा, कारण तिकडे वाहनं उजवीकडून चालतात म्हणजे पहिल्यांदा डावीकडे बघायचं, जे आपल्या सवयीच्या उलट आहे, आणि काही ट्रॅक दोन्ही दिशांचे असतात म्हणून डावीकडे, उजवीकडे दोन्ही बघूनच पाय टाकायचा. बसमधून उतरल्यावर तर नक्कीच, बरेचदा स्टॉप आणि फुटपाथ यांच्या मधूनच सायकली जातात.

आणि प्रत्येक ठिकाणी सायकलचाच मान पहिला असतो असंही नाही. लंडनला कालव्यांच्या काठाने ज्या जुन्या वाटा आहेत, पूर्वी घोडे नावा ओढायचे त्या, तिथे आज चालणारे आणि सायकलवाले दोघं जातात आणि मान चालणाऱ्याला पहिला. ब्रिटनने तर जानेवारी २०२२ मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये लिहूनच टाकलं की ज्याच्यामुळे दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी. मला हे मनापासून पटतं, आणि त्याला साधं गणित आहे. ताशी ५ ने चालणारा माणूस आणि ताशी २० ने येणारी सायकल, वजन सारखंच धरलं तरी वेग चौपट म्हटल्यावर धडकेचा जोर चौपट होत नाही, सोळापट होतो.

प्रश्न : आम्ही तिघं-चौघं टेकडीवर माउंटन बाइक चालवतो. चालायला येणारे म्हणतात टेकडी आमची, तुम्ही माती उकरता, मोर घाबरतात. सायकलला टेकडीवर बंदी असावी का? (वय २२, पुणे)

उत्तर : तुला तू म्हणते. मी बंदीच्या बाजूची नाही, तुमच्या वयाची मुलं पहाटे उठून टेकडी चढतायत याचा मला आनंदच आहे. पण त्यांची तक्रार खोटी नाही. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी वाट मुरमाची असते, उतारावर ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि सायकल घसरतच राहते, म्हणजे "मी थांबवली असती" या तुझ्या भरवशाला तिथे अर्थ नाही. म्हणून उतार असला, वळण असलं आणि पलीकडचं दिसत नसलं की वेग इतकाच ठेव की जेवढी वाट दिसतेय तेवढ्यात थांबता येईल. वळणाआधी आवाज दे.

वाट अरुंद असेल तर चालणाऱ्याला आधी जाऊ दे, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला जाऊ दे. दोन सायकली समोरासमोर आल्या तरी तेच, चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा पेडल मारून सुरू करणं किती अवघड जातं ते तुला माहितीय.

मातीचं म्हणशील तर पावसाळ्यात ओल्या वाटेवर चाकाचा जो खोल चर पडतो ना, पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते. मोठा पाऊस झाला की दोन दिवस थांबा, माती सुकू द्या. आणि चिखल टाळायला वाटेच्या बाहेर गवतातून चालवू नका, हे चालणाऱ्यांनाही सांगते, कारण ते तर हे रोज करतात आणि बघता बघता फूटभर वाटेचा रस्ता होतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खडीसारखीच दिसतात, वाट सोडून गेलं की पायाखाली किंवा चाकाखाली कधी आली कळणारही नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर समजायचं की घरटं जवळ आहे, आणि आल्या वाटेने परत फिरायचं. कुत्र्यांना मोकळं सोडणाऱ्यांनी तर पट्टा लावाच, सायकलच्या मागे कुत्रं धावलं की सायकलवाला पडतो आणि पडताना चालणाऱ्याला घेऊन पडतो.

प्रश्न : चालणारे, पळणारे, सायकलवाले यांचं काय घेऊन बसलात, आमच्या फुटपाथवर सिग्नल लागला की टू-व्हीलर चढतात. त्याचं बोला. (ठाणे)

उत्तर : बोलते. फुटपाथवर मोटार वाहन चालवायला बंदी आहे, हे काही सौजन्य नाही, २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांमध्ये स्पष्ट आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की चालण्यालायक फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २०२० मध्ये पुण्यातल्या एका आजी फुटपाथवर चढलेल्या गाड्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या, तो व्हिडिओ कित्येकांनी बघितला असेल. मी तुम्हाला तसं एकटं उभं राहायला सांगणार नाही कारण धोका आहे. पण फोटो, वेळ, चौक लिहून ट्रॅफिक पोलिसांना आणि वॉर्ड ऑफिसला देता येतं, आणि एकाच चौकाबद्दल वीस जणांनी दिलं तर फुटपाथच्या तोंडाशी खांब बसतात. खांब मागताना एवढं बघा की मधून व्हीलचेअर जाईल इतकी जागा ठेवतायत, नाहीतर गाड्या थांबतात आणि त्यांच्याबरोबर चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही थांबतो.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. पळताना माझा एका आजींना धक्का लागला, त्या खाली बसल्या. मी सॉरी म्हणून उठवलं, त्या "काही नाही बाळ" म्हणाल्या आणि मी गेले. तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाही. (कोल्हापूर)

उत्तर : बाळा, तू लिहिलंस हे बरं केलंस. पहिलं, पुढे कधी असं झालं तर लगेच उठवायचं नाही. घाईने हाताला धरून उभं केलं आणि खुब्याचं हाड मोडलेलं असेल तर ते अजून सरकतं. शेजारी खाली बसायचं, कुठे दुखतंय विचारायचं, पाय हलतो का बघायचं, एक पाय आखूड झाल्यासारखा किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवायचंच नाही, १०८ ला फोन करायचा. डोकं आपटलं असेल तर रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का ते विचारायचं. बऱ्याच वयस्कर माणसांना हार्टसाठी ती चालू असते, आणि मग आता बरं वाटत असलं तरी आतला रक्तस्राव काही तासांनी कळतो, म्हणून डॉक्टरला दाखवायचंच. "काही नाही" हे आपल्याकडच्या आज्या हाड मोडलं तरी म्हणतात. घरच्यांचा नंबर घ्यायचा, स्वतः फोन लावून सांगायचं, आपला नंबर द्यायचा.

आणि तुझ्या आजींचं म्हणशील तर रोज फिरणारी माणसं वेळ बदलत नाहीत. त्याच वेळेला, त्याच ठिकाणी जा, पळायला नको, चालत जा. भेटल्या तर विचार कशा आहात, आणि त्यांच्याबरोबर एक फेरी त्यांच्या चालीने चाल. नाही भेटल्या तर तिथे रोज बसणाऱ्यांना विचार, त्यांना माहिती असतं. कळलं की मला परत लिही.